ससाण्याची भाकरी

पुराचा दुसरा महिना, दिवस ३

राणीसाहेब राजा झाले. झाल्या. — घ्या, पहिल्याच ओळीत गाढव अडलं!

थोरले महाराज आकाशात गेले, गादीला वारस नाही, म्हणून बाईंनी काल दोन्ही भूमींचा दुहेरी मुकुट स्वतःच्याच डोक्यावर घेतला. मुकुट चढला की माणसाचा देव होतो, आणि तो देव म्हणजे ससाणा. नर ससाणा. आजवर त्याचं लिंग विचारायची पाळी कुणावर आली नव्हती. माझ्यावर आली.

थोरले पुजारी मिनहोतेप यांनी बोलावलं. "नेबसेनी, देवळाच्या भिंतीवर बाईंच्या उपाध्यांना जागोजाग भाकऱ्या लटकल्यात."

"असणारच, आजोबा. तेव्हा त्या राणी होत्या. बाईमाणसाच्या शब्दाला शेवटी भाकरीचं चिन्ह, हे पाठशाळेत पहिल्याच—"

"मला व्याकरण शिकवू नकोस! राजाला कसली भाकरी? उत्सवाला महाराज स्वतः भिंत वाचायला येणार. एक जरी भाकरी दिसली तर तुझी लेखणी काढून घेईन, आणि फिरोजाच्या खाणीवर गाढवं हाकायला धाडीन."

गाढवांचं मला वावडं आहे. त्यांनाही माझं.

दिवस ४

नुबनेफरला सांगितलं. आमची ही देवळात अमुनापुढं गाते, त्यामुळे घरातही वरच्या पट्टीतच बोलते.

"महाराजांना काय हवंय, ते विचारलंत का?"

"देवाला कुणी असं विचारतं होय?"

"मग रोज गाऱ्हाणी घेऊन देवळात येतं ते कोण? बदकं?"

कांदा खाल्ला आणि झोपलो.

दिवस ६

कासाला गाठलं. कासा म्हणजे आमचा पाथरवट. छिन्नी अशी चालवतो की पाहत राहावं. अक्षरओळख मात्र नाही. आमची अक्षरंही चित्रांचीच, त्यामुळे आम्ही लिहितो ते त्याच्या लेखी सगळं चित्र.

"कासा, या भिंतीवरच्या भाकऱ्या काढून टाक."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"दादा, नंतर बोल लावाल. सगळ्या?"

"अरे बाबा, सगळ्या!"

काम झटक्यात मिटलं. उगाच घाबरलो होतो.

दिवस ७

देवळातून दिवसभर छिन्नीचा आवाज. गोड लागला कानाला!

दिवस ११

मेलो! मेलो!

भिंत पाहून आलो. महाराजांच्या उपाध्यांवरच्या भाकऱ्या गेल्या — छान. पण आकाशही आमच्या भाषेत बाईच. तिचीही भाकरी गेली. आता सूर्य कशात उगवणार, कोण जाणे. अमुनाच्या पत्नीची गेली. जगन्माता बाप्या झाली. आणि अमुनापुढं कोरलेलं नैवेद्याचं ताट! बदक आहे, बैलाची तंगडी आहे, जवाच्या दारूचे रांजण आहेत. भाकरी एकही नाही. दगडात कोरलेलं तेच देव युगानुयुगं जेवणार!

"कासा, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, दादा."

"अरे, ही खायची भाकरी होती!"

"मग बाकीच्या कशाच्या होत्या?"

वैयाकरणानं 'सर्व' हा शब्द फार जपून वापरावा, हे गुरुजींनी शिकवलं नव्हतं. उत्सव उद्यावर. एवढी भिंत रातोरात कोण भरणार?

घरी आलो तर नुबनेफर गाठोडं बांधत होती. "खाणीवर केसांचा जुनाच टोप न्या. नवा धुळीनं खराब होईल."

ही मला धीर देण्याची तिची पद्धत.

दिवस १२



महाराज आले. आल्या. आम्ही सगळे पालथे, नाकं फरशीला. तिथून फक्त पावलं दिसतात. सोनेरी चपला भिंतीकडेनं चालत गेल्या आणि नैवेद्याच्या ताटाशी थांबल्या.

"भाकरी कुठाय?"

मिनहोतेप आजोबांनी पडल्या जागेवरून कोपरानं मला पुढं ढकललं. मी सगळं सांगितलं — लिंगविचार, प्रत्यय, कासा, सगळं.

"म्हणजे मी राजा व्हावं म्हणून माझ्या बापानं उपाशी राहायचं?"

अमुन म्हणजे त्यांचा बाप, हे त्या क्षणी माझ्या साफ ध्यानातून गेलं होतं.

"परत कोर. सगळ्यांच्या. माझ्यासुद्धा."

गप्प बसावं की नाही? "महाराज, ससाण्याला स्त्रीलिंग नाही. व्याकरणात बसत नाही."

"व्याकरण कुणी दिलं?"

"देवानं."

"आणि मी कोण?"

"...देव."

"मग बसव."

उठून कोळशानं भिंतीवर ससाणा काढला, त्याला भाकरी लावली. "आता मोठ्यानं वाच," आज्ञा झाली. 'ससा—' म्हणालो आणि पुढं जीभच हलेना.

दोन्ही भूमींच्या धन्याला मी ससा म्हणालो!

कासा फिसकन हसला. तेवढ्यात गाणाऱ्या बायकांच्या रांगेतून, वरच्या पट्टीत — "ससाणी! दोन्ही भूमींची ससाणी!"

चपला वळल्या. "तुला वाचता येतं?"

"येतं, महाराज. ज्याला माझ्या नवऱ्याचं अक्षर लागतं, त्याला काहीही लागतं."

महाराज हसले. हसल्या! मनमोकळं, पोट धरून. माझ्या शिक्षेविषयी मात्र चकार शब्द नाही.

दिवस १४

मिनहोतेप आजोबा समोरून गेले. ओळख दाखवली नाही. गाठोडं दारातच आहे.

दिवस १५

राजवाड्याचा माणूस शिक्क्याची नवी अंगठी घेऊन आला. खाण टळली! अंगठीवर माझंच पद — 'अमुनाच्या देवळाचा लेखक'. फक्त शेवटी एक भाकरी, आणि अंगठी माझ्या करंगळीतही जाईना.

"घाईत चूक झालेली दिसते," मी समजुतीनं म्हटलं.

"चूक नाही, काका," तो म्हणाला. "बाई घरात आहेत ना?"