मोटारीच्या पत्र्यावरचा मठार

तीर्थरूप आबांच्या पायी हैदराबादेहून केरबाचा दंडवत.

मी खुशाल हाय. मोटारीच्या कारखान्यातले वस्ताद हबीबभाई मायेनं शिकवतात, हे आईला सांगा.

मागल्या हप्त्यात एका जहागीरदाराच्या मोटारीचा चेपलेला पत्रा पहिल्यांदा माझ्या हाती आला. आपण तांब्याच्या हंड्यावर उमटवतो तसा एकसारखा ठोक्यांचा मठार मी त्यावर उमटवला. वाटलं, वस्ताद पाठ थोपटतील. त्यांनी निघताना तुम्ही दिलेली हातोडीच माझ्या हातातनं काढून घेतली. म्हणाले, “इथं ठोका दिसला की काम वाया. बापाचा हात विसर, न्हाईतर बीडला घरी परत जा.”

तुमच्या हाताची थरथर कमी हाय का? भाता कोण ओढतं?

काल पुन्हा पत्रा दिला. आरशासारखा गुळगुळीत केला. वस्ताद लई खूश झाले.

आबा, त्यात तुमचा हात कुठंच दिसंना. मला जेवण गेलं न्हाई.

तुमचाच,
केरबा