डोळे मिटा, ओळखा

१० सप्टेंबर १९८८, शनिवार
बावन्न पोरं! शहरातल्या अड्यारच्या शाळेची बस आठालाच दारात. एका पोराने दूध काढता काढता गाईच्या शेपटीचा फटका खाल्ला, तरी खूश.

मामंजींच्या खेळाने नेहमीसारखा भाव खाल्ला. सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे, पान चुरगळून नाकाशी धरायचं — ओळखा! कढीपत्ता, लिंबू, तुळस. शहाऐंशीत शाळा आमचं शेत बघायला यायला लागल्या, तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी हेच. त्रिपुरसुंदरी टीचर म्हणाल्या, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येसुद्धा शिकवलं नाही.

एक मुलगी मला ‘पाट्टी’ म्हणाली. आजी! वय माझं अडतीस. पंच्याऐंशीच्या टायफॉईडने अर्धं डोकं पांढरं केलं, त्याला मी काय करू?

११ सप्टेंबर
ह्यांनी आज बॉम्ब टाकला. अड्यारला भाड्याचं घर बघून आलेत, किल्लीसुद्धा खिशात. म्हणाले, मी दिवसभर गिंडीला कारखान्यात, अप्पा सत्तरीचे, श्रीपेरुंबुदूरच्या ह्या रानात काही झालं तर?

मामंजी भडकले, त्यांच्या त्या इकडच्या जुन्या मराठीत. “सुंदरा, मज काय जाहलंय? हे शेत मी एकटा चालवतों.”

शेवटी ठरलं — पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, शेत मामंजींनी बघायचं, काही बिनसलं नाही तर इथेच राहायचं. बिनसलं तर अड्यार. तिसरा मजला.

मी साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची पोर, तिथे मी वाळून जाईन. पण मला कोण विचारतंय!

८ ऑक्टोबर
मामंजींनी ओसरीपासून विहिरीपर्यंत आणि तिथून गोठ्यापर्यंत खुंट रोवून दोर ताणलाय. म्हणे कारल्याचा वेल चढवणार. वेलाचा पत्ता नाही, माझं धुणं मात्र छान वाळतं. पोरं त्या दोराला धरून आगगाडी आगगाडी खेळली, इंजिन मामंजी.

१२ नोव्हेंबर
साठ पोरं, शंभर पेले ताक. पाय गेले.

१० डिसेंबर


खेळ संपला आणि एका छोटीने मामंजींच्या हातात कागद दिला — ताता, म्हणजे आजोबा, तुमच्यासाठी. तिने त्यांचंच चित्र काढलं होतं. पंचा, मिशा, हातात पान. मामंजींनी कागद उलटा धरला, नीट न्याहाळल्यासारखं केलं आणि तमिळमध्ये म्हणाले, “वा! गाय फार छान जमलीय.”

पोरं खो खो हसली. ताता गंमत करतात! टीचरही हसल्या. मी ताकाची बादली घेऊन तशीच उभी. मामंजी गंमत करतात तेव्हा आधी मिशीला पीळ देतात. आज हात मिशीकडे गेला नव्हता.

मग सगळं आठवत गेलं. वर्तमानपत्र पुढे सारून मामंजींचं ते ‘तूच वाच, तुझा तमिळ उच्चार सुधारेल’. आणि तो दोर.

११ डिसेंबर
सरळ विचारलं. मामंजी किती वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

“सुंदरास सांगूं नको. विहिरीस ओसरीहून बत्तीस पावलं, गोठ्यास पुढं एकोणीस. हे अस्कं सगळं मज पाठ आहे. अड्यारास मी भिंती चाचपत बसूं काय?”

मला रडू आलं आणि रागही आला. म्हटलं, मामंजी, मोतीबिंदू असेल, ऑपरेशनने जातो. माझ्या आत्याचा गेला.

“ऑपरेशन म्हटलं कीं सुंदरास कळणार. कळलं कीं अड्यार.”

मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. तोंडाने मोठी, मनात धाकधूक.

१२ डिसेंबर
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता थांबले. “मी रोज समोर बसून जेवतों ग. मज कसं कळलं नाही?” ताट तसंच सारलं. अड्यारचा शब्द काढला नाही, तेच जास्त वाईट.

२३ डिसेंबर
उजव्या डोळ्याचं झालं. मोतीबिंदूच होता, पिकून पांढरा. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होता? मामंजी म्हणाले, “शाळा चालवत होतों.”

१४ जानेवारी १९८९
पोंगल. दूध छान उतू गेलं, शकुन चांगला. आज शाळा नाही. मी ह्यांना विचारलं, मग काय ठरलं? म्हणाले, “बिनसलं हें खरंच ना? पण चष्मा येऊं दे, मग सांगतों.” पोंगलचा गोड भात कडूच लागला मला.

१० फेब्रुवारी
चष्मा आला. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा. मामंजींनी ओसरीवर बसून आधी गाय पाहिली, मग मला, वरपासून खालपर्यंत.

“विद्युलता, केस कधीं पिकले ग तुझे?”

मी बोटांवर मोजलं. टायफॉईड पंच्याऐंशीत. शाळा शहाऐंशीत, म्हणजे सगळ्या न बघताच.

ह्यांनी खिशातून अड्यारची किल्ली काढली, जरा वेळ तळहातावर धरली. “सोमवारी परत देऊन येतों,” म्हणाले.

उद्या दुसरा शनिवार. पंचेचाळीस पोरं येणार आहेत. मामंजी पहिल्यांदाच बघणार.