मंदी आणि शाकारलेल्या होड्या

पनवेल
जुलै २००९

प्रिय रोशनी,

गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, मंदीत चिपच्या धंद्याला भविष्य नाही, बंगलोर सोडून बेलापूरच्या बँकेत लागते. मी बरं म्हटलं. पण तेव्हापासून मासळीबाजारातून परतताना वाचनालयात बसायला लागले. हाताला वास असतो म्हणून तिथल्या सुमतीबाई पुस्तक लांबूनच देतात, पण देतात.

आधी माझी फजिती ऐक. पुस्तकात तुझ्या चिपच्या मालाचं, त्या सेमीकंडक्टरचं, मराठी नाव सापडलं, अर्धवाहक. मी समजले, अर्धीच वीज नेणारा, म्हणजे कमअस्सल. शेजारच्या भामाला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "मंग पोरीला पगार पन अर्धाच देतात काय गो?" दोघी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी पुढचं पान वाचलं आणि चूक कळली. तो वीज नेतोही आणि अडवतोही, आपण सांगू तसा. एवढ्याशा हो-नाहीवर फोन बोलतात, न्हावा शेवा बंदराच्या क्रेनी हलतात. आणि हे सगळं येतं वाळूतून. ती इतकी शुद्ध करतात की वीज तिच्यातून जवळजवळ वाहतच नाही. मग दुधाला विरजण लावावं तसा परक्या पदार्थाचा कण मुद्दाम मिसळतात, आणि ती जागी होते. नखाएवढ्या जागेत वीज सोडणारी-अडवणारी अशी कोट्यवधी दारं. मी पुस्तक मिटून हात जोडले. सुमतीबाईंना वाटलं, पोथीच वाचतेय.

तुझे बाबा इतकी वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसले. बोटभर दांडा हलवला की एवढा डबा कसा उचलला जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना सांगायला तोंड उघडलं, आणि समोर पाट रिकामा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी नवं काही वाचलं की असं होतं.

मंदी खरी आहे. बंदरात रिकामे कंटेनर थरावर थर चढलेत. पेपरात आलंय, चिपचे कारखाने निम्मे थंड आहेत, माणसं काढलीत. पण त्याच बातमीच्या शेवटी लिहिलंय की ज्यांच्यात दम आहे ते आत्ताच पुढची, आणखी बारीक चिप करणारी यंत्रं बसवताहेत. हे मला पेपराआधी कळायला हवं होतं. सध्या पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून उरणला आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवल्यात. त्याला कुणी कोळी धंदा बुडाला म्हणत नाही. जाळी विणतात, फळ्यांना तेल देतात, इंजिन खोलतात. या दिवसांत जो हातावर हात ठेवून बसला, त्याचीच होडी नारळी पुनवेनंतर समुद्रात दगा देते.

आता खरं बोलते. मंदी हे तुझं कारण नाहीच. तुझी मैत्रीण समृद्धी येऊन गेली. तैवानच्या चिपच्या कारखान्यात तुला दोन वर्षांची जागा मिळालीय आणि आई एकटी पडेल म्हणून तू ती सोडते आहेस, हे तिच्या तोंडून निसटलं. तिला रागावू नकोस. मी एकटी पडेनच. संध्याकाळी घर खायला उठतं, पण ते तू बेलापूरला आल्याने थांबायचं नाही. मला तू इथे हवी आहेस, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून "ये" निघेल, म्हणून कागद घेतला. जा, पोरी. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे म्हणे. आधी त्यांना होकार कळव, मग मला फोन कर. तेव्हा मी रडले तर ऐकून घे, पण परत फिरू नकोस.

तुझीच,
आई