बाहेरच्या खोलीतला पिवळा खांब

प्रिय चिमे,

फोन सोडून आई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण आपलं घर तुला माहीत आहे. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जातं, आणि मला जे सांगायचंय ते तुझ्या बाबांच्या कानावर पडायला नको आहे. ते आणि सुतारकाका बिजागऱ्या आणायला गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते.

बाबांनी बाहेरची खोली नव्याने करायला घेतली, हे तुला कळलंच आहे. पाहुणे बसवायचे तिथे, जेवायचं तिथे, तुझा अभ्यास तिथे, माझं शिवणाचं मशीन तिथे आणि रात्री गाद्याही तिथेच. मधोमध खांब, स्वयंपाकघराकडे उतरणारी पायरी, आणि एकमेकांवर आपटणारी दोन दारं. ही खोली बांधणाऱ्याला कुणीतरी मधेच जेवायला हाक मारली असणार, असं तू म्हणायचीस. मी वर्षानुवर्षं मागे लागले होते की काहीतरी करू या. हे म्हणायचे, "चाललंय ना!" आणि पेपरात तोंड खुपसायचे. तोच माणूस निवृत्त झाल्यावर एके सकाळी आपण होऊन टेप घेऊन उभा राहिला, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

भिंती मोजल्या असत्या तर एक वेळ ठीक होतं. हे दारापासून खांबापर्यंत, खांबापासून पायरीपर्यंत असं मोजत होते. मग काचेचा टीपॉय शेजारणीला देऊन टाकला. सतरंजी गुंडाळून माळ्यावर. सगळं सामान भिंतींना चिकटवलं आणि मधली जागा मोकळी केली. त्यावर कडी म्हणजे खांबाला पिवळा रंग. साधासुधा नाही, डोळ्यांत घुसणारा. पायरीच्या कडेलाही तोच पट्टा. शेजारीण आत डोकावून म्हणाली, "वहिनी, बालवाडी काढताय की काय?" मी हसले, पण आतून भडकले होते.

मला वाटलं, घर विकायला काढलंय. मोकळी खोली मोठी दिसते, गिऱ्हाईक पटकन फसतं. सरळ विचारलं तर हे म्हणाले, "अगं, हे ध्यान कोण घेणार विकत?" आणि नको तेवढं हसले. नंतर स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. का, तर चालणं तब्येतीला चांगलं! एकदा सुई ओवायला उजेड हवा म्हणून मी खुर्ची खिडकीशी ओढली. हे आले ते थेट तिच्यावर आदळले आणि असे ओरडले की मी दचकलेच. "वस्तू जिथली तिथंच राहिली पाहिजे!" ज्या माणसाचा ओला टॉवेल जन्मात कधी जागेवर सापडला नाही, तो हे बोलतोय!

आणि ते फोन. गॅलरीत जाऊन, हळू आवाजात. एकदा मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने दाराआड उभी राहिले, तर कानावर आलं, "तिला अजून सांगितलेलं नाही. आधी खोली होऊ दे." मला बघून फोन बंद. कोण होतं म्हटलं तर, "ऑफिसातला एक जण." खरं सांगते, माझा संशय तुझ्यावरही गेला. बापलेकीनं मिळून आपलं बिऱ्हाड हलवायचं ठरवलंय, असं वाटलं. त्याहून वेडंवाकडंही मनात आलं. या वयात मी यांच्या शर्टांचे वास घेतले, चिमे. टर्पेंटाइनशिवाय काही सापडलं नाही. सुतारकाकांनाही खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, म्हणून तर मी तोंडात खिळे धरतो. बोलावं लागत नाही."

गेल्या आठवड्यात भर दुपारी एका बाईचे कपडे द्यायला गेले. तिच्या दाराला कुलूप, म्हणून तशीच परतले. आपलं दार नुसतं लोटलेलं होतं. म्हटलं, आज चोरी पकडायचीच. हळूच आत शिरून मशीनपाशी उभी राहिले. तुझे बाबा एकटेच होते. डोळे घट्ट मिटून चालत होते. खांबाला हात लागला की वळायचे, पायरीपाशी थांबून पायानं कड चाचपायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. एकदा चुकले तर स्वतःवरच चिडून दारापासून परत सुरुवात केली. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले आणि डोळे उघडले. माझ्या हातातली पिशवी वाजली. त्यांनी विचारलं, "कोण?"

चिमे, मी त्यांच्या कोपराशी उभी होते. लखलखीत उजेडात.

"मी आहे," म्हटलं. भांडायला म्हणून जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. पिशवी खाली ठेवून विचारलं, "किती दिसतं?" ते म्हणाले, "समोरचं दिसतं. कडेचं गेलं. नळीतून बघावं तसं." काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब चालू आहेत, पण कळायला उशीर झाला. फोनवरचा तो ऑफिसातला माणूस स्वतः याच वाटेनं गेलेला. खोली कशी करायची ते तोच सांगत होता. मग मात्र मी भांडले. मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मशीन बंद करून माझा हात धरून बसली असतीस. आणि मला खुर्चीवरून उठू दिलं नसतंस." खोटं नाही ते. मी तेच केलं असतं.

आता काम आम्ही दोघं मिळून करतो. दारांची गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. अर्धवट उघडं दार थेट कपाळावर येईल. म्हणून मीच हट्टानं एक दार काढायला लावलं आणि दुसरं बाहेरच्या बाजूला उघडेल असं करून घेतेय. कात्री कुठे, सुया कुठे, हे रोज मोठ्यानं सांगत जागेवर ठेवते.

पण हे सगळं कळवायला मी पत्र लिहिलेलं नाही. काल त्यांच्याबरोबर मीही डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हे घराण्यातून येऊ शकतं, मुलांनी तपासून घ्यायलाच हवं. लवकर कळलं तर नजर जाणं थोपवता येतं. बाबांना हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परतताना रिक्षात ते म्हणाले, "मी तिला कितीदा फोन लावला. हवापाण्याचं बोललो आणि ठेवून दिला." माझ्याकडून त्यांनी वचन घेतलंय, तुला इतक्यात सांगायचं नाही असं. ते मी मोडतेय. तू पत्र बाजूला ठेव आणि उद्याच्या उद्या डोळे तपासून घे. घाबरू नकोस, पण टाळूही नकोस. आणि काय निघेल ते मला आधी सांगू नकोस. फोन त्यांना कर. गॅलरीत जाऊन बोलतील ते. मी आत मशीन चालवत बसेन, कान देणार नाही.

तुझीच,
आई