दमा नसल्याचा पुरावा

४ जून
रात्रभर खोकला. बायको म्हणते, छातीत शिटी वाजते. वाजत असेल. डॉक्टरांना दम्याचा संशय, तोही पिठामुळे. दमा ठरला तर बेकरीत पाऊल टाकायचं नाही म्हणे. मी! वडिलांनंतर भट्टी कुणी सांभाळली? दमा नाही हे सिद्ध करूनच दाखवतो. तोवर एक पंप दिलाय. बरा आहे. म्हणजे गरज नाही, पण बरा आहे.

६ जून
श्वासनळ्या मुद्दाम डिवचून बघायच्या तीन टेस्ट असतात. एकीत औषधाची वाफ ओढायची. डॉक्टर म्हणाले, हिच्यातून दमेकरी सहसा सुटत नाही. दुसरीत पावडर ओढायची. ती तर मी रोजच ओढतो, फुकट. तिसरीत ट्रेडमिलवर धावायचं. हिच्यात दमा असूनही कधीकधी सापडत नाही. सर्व बाजूंनी विचार करून धावणं मागून घेतलं. उद्यापासून सराव.

७ जून
कोपऱ्यापर्यंत धावलो. बूट चावतो. सराव बंद.

११ जून
टेस्ट. तिथल्या बाईंनी विचारलं, आज पंप घेतला नाही ना? नाही म्हटलं. बाथरूममध्ये घेतला होता थोडा, नुसता मनाच्या समाधानासाठी. धावलो, नळीत फुंकलं. रिपोर्ट एकदम साफ! बेकरीत सगळ्यांना केक वाटला. धाकट्या भावाने मिठी मारली. तेवढ्यात खोकला आला. काय ते सेंट मारतो!

१२ जून
बायकोने पंप कचऱ्यात टाकला. दमाच नाही तर पंप कशाला, म्हणाली. बरोबरच आहे, म्हटलं.

१९ जून
मैदा चाळताना जरा... नंतर लिहितो.

२२ जून
हॉस्पिटल. ऑक्सिजन. बायको येईल त्याला तो रिपोर्ट दाखवते, दमा नाही हो यांना, बघा. म्हणून आधी हृदयच तपासत बसले. ती रडत होती. फार लाज वाटली. सांगणार होतो, पण मास्कमधून बोलता येत नाही.
संध्याकाळी मास्क काढला. डॉक्टरांनी विचारलं, टेस्टच्या दिवशी पंप घेतला होता का? बूट चावत होता, म्हटलं.

२ ऑगस्ट
छाती निवल्यावर आज वाफेची टेस्ट. पहिल्याच, सगळ्यात हलक्या डोसला धाप लागली. दमा. पीठ कायमचं बंद. मी म्हटलं, एक जिंकलो, एक हरलो, पावडरची बाकी आहे. डॉक्टर म्हणाले, आता तिची गरज नाही.

३ ऑगस्ट
बायकोने माझा एप्रन धुऊन धाकट्या भावाला दिला. त्याला सैल होतो. सकाळी ताज्या पावाचा वास घरापर्यंत आला. खोकला सुरू झाला. खिडकी मीच लावून घेतली.