थ्रॉटलला वळसा घालणारी नळी

रविवार, मे २०१२

बाबांची जुनी गाडी परवा भंगारवाला नेणार. आज शेवटचं बॉनेट उघडलं, तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट ठिबकतंय, तेही नेमकं त्याच नळीतून! मी हिंजवडीत नवा नवा नोकरीला लागलो होतो, तेव्हा बाबांनी ती इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीला वळसा घालून जोडली होती. "थंडीत थ्रॉटल गोठू नये म्हणून त्यातून गरम कूलंट फिरवतात. पुण्यात बर्फ पडला की परत लावू," म्हणाले. नळी आवळणाऱ्या क्लिपचा स्क्रू मात्र वरच्या बाजूला आला नाही, म्हणून मला ती तीनदा खोलायला लावली. "पुढच्या माणसाचा स्क्रूड्रायव्हर पोचायला नको?" किती वैतागलो होतो मी.

पुढचा माणूस म्हणजे कुणी मेकॅनिक, असंच वाटायचं. आज माझा स्क्रूड्रायव्हर सरळ पोचला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

नळी बदलली, क्लिप आवळली. स्क्रू खालच्या बाजूला गेला होता. पुन्हा खोलली.

"अहो, भंगारात जाणारी गाडी कसली दुरुस्त करताय?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

स्क्रू वर येईपर्यंत क्लिप फिरवत राहिलो.