वखारीची मागची भिंत

निपाणी, ४ मे १९३६

सुनंदाचा हुकूम झाला – चित्र काढताना रोज काय चुकले ते रोज लिहायचे. म्हणून ही वही. सुनंदा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते, माझ्या निम्म्या वयाची आहे आणि मला घाबरत नाही.

कारण असे. खेड्यांतल्या मुलींना चौथीपुढे शिकायचे तर निपाणीत राहायला जागा नाही. इथले व्यापारी भरमाप्पा यांची तंबाखूची जुनी वखार रिकामी पडली आहे. शाळा सुरू व्हायच्या आत मिळाली तर वसतिगृह होईल. ओव्हरसियरने काढलेला नकाशा त्यांना दाखवला, तर म्हणाले, हा काय वाघबकरीचा पट? वसतिगृह कसे दिसेल ते डोळ्यांनी बघायचे आहे त्यांना. ठीक आहे – मीच काढीन! वखार म्हणजे शेवटी एक मोठी पेटी.

५ मे

१९०९ साली बी. ए. झालेल्या बाईला पेटी काढता येत नाही.

६ मे

पत्र्याची ट्रंक समोर ठेवून सकाळभर काढली. कडा समांतर, कोपरे नेटके. सुनंदाने पाहिले. "मावशी, रांगोळी छान आलीय. ट्रंक कुठाय?"

लहानपणापासून हात ठिपक्यांवर फिरलेला. दोन रेषा जवळ येऊ लागल्या की मनगटच त्यांना लांब सारते.

९ मे

आज खाली पाटावर बसून, टेबलावरची ट्रंक काढली. झाकणाची वरची बाजूसुद्धा. सुनंदा शेजारी जमिनीवर येऊन बसली आणि विचारले, इथून झाकण वरून दिसते का? नव्हते दिसत.

"तुम्हाला माहीत असतं ते काढता. दिसतं ते काढा."

एवढे मी कुणाचे ऐकून घेतलेले नाही. घेतले.

१३ मे

समजले! डोळ्यांच्या उंचीवर आडवी रेषा, तिच्यावर एक बिंदू, आणि आत जाणारी प्रत्येक कड त्या बिंदूकडे. विटा, काडेपेट्या, पानाचा डबा – दिसेल ते काढले. जेवायचे राहिले. चुकांवर फिरणारी सुनंदाची तांबडी पेन्सिल आज उठली नाही. नुसती 'हं' म्हणाली. पदवीदानाला एवढा आनंद झाला नव्हता – वेडेपणा!

१८ मे

वखार काढली, दारातून आत पाहिल्यासारखी. खांब, नव्या खिडक्या, दोन्ही भिंतींना मुलींच्या ट्रंका ओळीने, टोकाला मागची भिंत. चांगली आली आहे. स्वतःच म्हणते.

२० मे

भरमाप्पांनी चित्र बराच वेळ पाहिले. मग चेहरा उतरला.

"मागली भिंत बारकी केलासा की वो बाई. माझी वखार पुढं हाय तेवढीच मागं हाय."

चोरी धरल्यासारखे बोलले. सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे माझी रांगोळीच त्यांना पसंत पडली असती!

२१ मे

भरमाप्पांना वखारीच्या दारात उभे केले. एक डोळा मिटा म्हटले, हात लांब करून काडेपेटीतली काडी धरा, जवळचा खांब मापा. आता टोकाचा. पुन्हा मापले. डोळा बदलून मापले. मग रस्त्याकडे वळून धाकट्या भावाची पलीकडची वखार मापली आणि बायकोला ओरडून सांगितले, "अगं, नागोजीची तर अर्धी काडी बी भरंना!"

गुणाबाई उंबऱ्याशी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिकडनं भावजींनी मापलं तर आपली कितीशी भरंल?"

आप्पासुद्धा हसले. मला वाटले, जमले. पण निघताना चित्र परत माझ्या हातात दिले.

"वखार दिसली बाई. ट्रंका बी दिसल्या. पोरी कुठं हाईत ह्यात? आपली लेक परगावात कोण सोडतंय?"

चित्रात एक मुलगी काढायचे सुचले नव्हते. मला!

२४ मे

आप्पांचा निरोप नाही. पेट्या काढत बसले. सगळ्या बिनचूक, सगळ्या रिकाम्या.

२९ मे

सकाळी आप्पा आणि गुणाबाई दारात. चित्र त्यांना दिले. त्यांच्याकडून ताब्यात घेतले ते असे – वखारीची किल्ली, एक वळकटी, आणि ती काखेत धरून उभी असलेली त्यांच्या खेड्यात दिलेल्या लेकीची लेक राजाबाई, वय दहा. पाचवीत जाणार.